मंत्री झाडत झाडत विंगेत जातो

"तुला मेकअप लागायचा नाही."

अप्पा हे बोलले आणि सगळं बेसमेंट खो खो हसलं.

न्यू जर्सीतलं पार्सिपनी. अप्पांच्या घराचं बेसमेंट. भिंतींना लाकडी पॅनेल, कोपऱ्यात पिंगपाँगचं टेबल, टेबलावर चिवड्याची परात. एक्याण्णव सालचा ऑक्टोबर. तिथल्या मराठी मंडळातले आम्ही दहा-बारा जण गालिच्यावर मांडी घालून बसलो होतो. नाटकाचं पहिलं वाचन होतं. नाटक अप्पांनीच लिहिलेलं, तेच बसवणार आणि जनरलचं मुख्य कामही तेच करणार. बाकीची कामं वाटून झाली. एक मंत्री उरला. अप्पांनी चष्म्यावरून एकेकाकडे बघितलं. नजर फिरत फिरत माझ्यावर आली आणि थांबली.

"मंत्री तू. तुला मेकअप लागायचा नाही. आणि भाषा शिकवायलाही नको. तुझी ती घरची बोल. एकदम ओरिजिनल."

सगळे हसले. मीही हसलो. तिथे न हसून जाणार कुठे?

तो मंत्री कसा होता ते ऐका. काळा, ढेरपोट्या. कोट्यातून शिकलेला, कोट्यातून निवडून आलेला, खाऊन खाऊन माजलेला. त्याला 'ण' म्हणता येत नाही, 'श' म्हणता येत नाही. नाटकात देशात लष्करी राजवट येते. जनरल घटना फाडतो. सेक्युलर हा शब्द आजपासून बंद, असं जाहीर करतो. मग मंत्र्याला ओढत आणतात. जनरल त्याला देवाची शपथ घ्यायला लावतो. त्याची जीभ अडखळते, "इस्वर... इस्वरसाक्स..." इथे कंसात लिहिलं होतं, हशा. मग तो जनरलच्या पाया पडतो. जनरल त्याचा कोट उतरवतो आणि त्याच्या हातात झाडू देतो. म्हणतो, "जा. तुझं मूळ काम कर."

शेवटची ओळ मला अजून पाठ आहे. 'मंत्री झाडत झाडत विंगेत जातो. पडदा.'

नाटकाचं नाव 'साफसफाई'.

अप्पा म्हणजे माझे साहेब. फार वर्षांपूर्वी पुण्याहून आले, स्वतःची कन्सल्टिंग कंपनी काढली. आम्हा पोरांना भारतातून आणायचे आणि इथल्या कंपन्यांत प्रोग्रॅमिंगच्या कामाला लावायचे. व्हिसा त्यांच्या कंपनीचा. ग्रीन कार्डचा अर्जही त्यांच्याच कंपनीतर्फे. त्यांनी हात काढून घेतला की मी, माझी बायको सुजाता आणि आमची करुणा, तिघांनी बॅगा भरायच्या. दुसरी नोकरी धरली तर अर्ज पुन्हा पहिल्यापासून, आणि व्हिसाची मुदत काही कुणासाठी थांबत नाही. अप्पांनी धमकी अशी कधी दिली नाही. नुसतं अधूनमधून विचारायचे, "फाइल सरकतेय ना रे?" मी म्हणायचो, "हो अप्पा, तुमच्यामुळे."

मंडळात सगळे त्यांना देवमाणूस म्हणायचे. खोटं कशाला बोलू, आम्ही उतरलो तेव्हा विमानतळावर घ्यायला तेच आले होते. माझ्या अंगावर साधा स्वेटर बघून त्यांनी आपल्या मुलाचा जुना जाड कोट मला दिला. तो कोट घालून मी पहिला हिवाळा काढला. उपकार असे असतात, अंगावर घालून फिरावं लागतं.

पहिल्याच जेवणाला त्यांनी विचारलं होतं, "मूळ गाव कुठलं? नागपूर म्हणजे नागपुरात कुठे?" मी वस्तीचं नाव सांगितलं. अप्पा म्हणाले, "अच्छा." थोडं थांबून परत म्हणाले, "अच्छा, अच्छा." कुणी काही विचारायच्या आत त्यांच्या बायकोनं, सुमाकाकूंनी, पोळी वाढता वाढता सांगून टाकलं, "आमच्याकडे असलं काही नाही हं." तेव्हा सुजातानं माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघत राहिलो.

या नाटकाचं बी पडलं ऑगस्टमध्ये. मॉस्कोत रणगाडे रस्त्यावर आले तो सोमवार. सोव्हिएत युनियनच्या अध्यक्षाला कुठेतरी लांब कोंडून ठेवलं आणि सैन्यातले नि पोलिसांतले मोठे लोक म्हणाले, आता देश आम्ही चालवणार. ऑफिसच्या कॉन्फरन्स रूममध्ये टीव्ही लावला होता. अप्पा खुर्चीच्या काठावर बसून बघत होते.

"बघा, याला म्हणतात हिंमत," ते म्हणाले. "आपल्याकडे हेच पाहिजे. दहा वर्षं मिलिटरीच्या ताब्यात द्या देश. लोकशाही आपल्या लोकांना झेपत नाही यार. कुणीही उठतो, मंत्री होतो."

'कुणीही' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तसं ते कधीच बघायचे नाहीत.

तीन दिवसांत सगळं फसलं. माणसं रस्त्यावर आली, रणगाड्यांपुढे उभी राहिली, रणगाडे परत गेले. भारत क्रिकेटची मॅच हरल्यासारखं अप्पांचं तोंड झालं. टीव्हीवर त्या कटवाल्यांतला एक जण पत्रकारांसमोर बसलेला दाखवत होते. त्याचे हात थरथरत होते. अप्पांना त्या हातांचा फार राग आला. "असलं काम थरथरत्या हातांनी होत नसतं. मी दाखवतो कसं करायचं ते," असं म्हणून त्यांनी नाटक लिहायला घेतलं. ते करायचं ठरलं सव्वीस जानेवारीला. संक्रांतीचं स्नेहसंमेलन आणि प्रजासत्ताक दिन मंडळ एकाच दिवशी उरकायचं. हॉलचं भाडं वाचतं.

सव्वीस जानेवारी! आमच्या घरी दिवाळी झाली नाही तरी चालायचं, पण त्या दिवशी गोड झालंच पाहिजे, असा माझ्या बापाचा हट्ट. बाप कापडगिरणीत होता. आमच्या घरात देव्हारा नव्हता. एकच फोटो होता, ज्यानं घटना लिहिली त्याचा. बाप म्हणायचा, "पंधरा ऑगस्ट सगळ्यायचा. सव्वीस जानेवारी आपला."

एकदा आमच्या वस्तीतला एक माणूस आमदार झाला. त्यानं शपथ घेताना ईश्वरसाक्ष म्हटलं नाही, गांभीर्यपूर्वक म्हटलं. घटनेत दोन्ही सोयी आहेत. देव मानणाऱ्यानं देवाला साक्षी ठेवावं, न मानणाऱ्यानं स्वतःच्या गांभीर्यावर सांगावं. दोघांची शपथ सारख्याच वजनाची. बापाला हे इतकं आवडलं की तो शब्द त्यानं घरात आणला. त्याला तो नीट म्हणताही यायचा नाही. पण जेवायला बसला की म्हणायचा, "गांभिर्यपुर्वक सांगतो, भाजीत मीठ कमी हाये." आई हसून बेजार व्हायची. पुढे आम्ही भावंडं खोटं बोललो की तो विचारायचा, "गांभिर्यपुर्वक सांग." मग मात्र आमची दातखिळी बसायची. त्या शब्दापुढे खोटं बोलता यायचं नाही.

हाच बाप एक गोष्ट न हसता सांगायचा. आपल्या माणसांच्या कमरेला एकेकाळी झाडू बांधला होता. चालताना आपली पावलं आपणच पुसत जायची. त्याच्या लहानपणी गावात झाडू कमरेवरून सुटला होता, पण हातातून सुटला नव्हता. पाटलाचं अंगण, चावडी, रस्ता. झाडायचं, आणि वर हात पसरायचे. एका सकाळी त्यानं खराटा चावडीच्या पायरीवर ठेवला आणि नागपूरची वाट धरली. आमच्या घरी तो स्वतः घर झाडायचा, आईच्या हातातून केरसुणी ओढून घ्यायचा. पण दुसऱ्याच्या दारात खराटा धरायचा नाही. ही एवढीच त्याची इस्टेट, आणि ती त्यानं आम्हाला दिली.

तालमी सुरू झाल्या. दर शनिवारी दुपारी.

मी इथे आलो तेव्हा अप्पांनीच माझं मराठी सुधारायला घेतलं होतं. ऑफिसात मी 'पानी' म्हटलं की ते बोट वर करायचे. "पाणी. ण. जीभ वर लाव." सगळ्यांदेखत. मी जीभ वर लावायला शिकलो. बोलताना आधी मनात वाक्य तपासायचं आणि मग तोंड उघडायचं, ही सवय लागली. आता तालमीत तेच अप्पा ओरडायचे, "पाणी काय म्हणतोस? पानी म्हण! मजा जातेय सगळी!"

मी म्हणायचो, "पानी पाजा जी मले." सगळे हसायचे. माझ्या आईची भाषा. तिनं याच भाषेत मला तापात थोपटलं होतं. त्या भाषेचा इथे असा खेळ चालला होता आणि खेळ करणारा मी होतो. घरी परत येताना गाडी चालवता चालवता रडू यायचं. मी रेडिओ लावायचो.

नोव्हेंबरमध्ये अप्पांना अमेरिकन झाडू पसंत पडेना. लांब दांड्याचा, प्लॅस्टिकचा. "अस्सल खराटा पाहिजे," म्हणाले. मंडळातले एक जण लग्नाला भारतात जाणार होते. त्यांनी येताना खराटा आणला. काड्यांचा, वर्तमानपत्रात गुंडाळून, सूटकेसमध्ये तिरका घालून. कस्टमवाल्यानं हे काय म्हणून विचारलं तर त्यांनी सांगितलं, पूजेचं आहे! हा किस्सा महिनाभर प्रत्येक घरात हसून हसून सांगितला गेला. अप्पांनी खराटा माझ्या हातात दिला. "घरी ने. सवय कर जरा. तुला काय म्हणा, सवय करायला नको."

बाप सातासमुद्रापलीकडे नागपुरात. त्यानं चावडीवर ठेवलेला खराटा विमानात बसून माझ्या अपार्टमेंटमध्ये आला. मी तो दाराशेजारच्या कोटांच्या कपाटात ठेवला. अप्पांनी दिलेल्या कोटाच्या मागे.

एकदा मी हिंमत केली. तालीम संपल्यावर थांबलो.

"अप्पा, शेवटचा झाडू काढता येईल का?"

"का?"

"बरं नाही वाटत."

अप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज अगदी मऊ. "अरे, सिम्बॉलिक आहे ते. झाडू म्हणजे स्वच्छता. तुम्ही लोक ना, फार सेन्सिटिव्ह आहात. त्यातून बाहेर पड आता. अमेरिकेत आलायस." मग दिवा मालवता मालवता म्हणाले, "फाइल सरकतेय ना?"

मी म्हटलं, "हो."

मी कात्रीत सापडलो होतो आणि कात्रीही माझ्याच हातानं धार लावलेली. नाटक सोडावं तर नोकरी. नोकरी सोडावी तर देश. देश सोडून परत जावं तर कुठल्या तोंडानं, बापानं वस्तीभर पेढे वाटले होते मी निघालो तेव्हा.

तेव्हा मी ज्या कंपनीत कामाला जायचो तिथे माझ्या शेजारी याकोव्ह बसायचा. मॉस्कोहून बरीच वर्षं आधी आलेला, पन्नाशीचा, जाडजूड. दुपारी काळा पाव आणि उकडलेली अंडी खायचा. डिसेंबरात त्याचा जुना देश नकाशावरूनच गेला. कॅन्टीनमध्ये मी त्याला विचारलं, ऑगस्टमध्ये तुझं कुणी होतं का तिथे?

"बहीण," तो म्हणाला. "दातांची डॉक्टर आहे. कुत्र्याला घाबरते. तीन दिवस रणगाड्यासमोर उभी होती."

"मग सैन्यानं गोळ्या का नाही झाडल्या?"

त्यानं अंडं सोललं, मीठ लावलं. "काही मोठं झालं नाही. वरून हुकूम आला, खाली कुणीतरी आपलं काम केलं नाही. मग त्याच्या शेजारच्यानं केलं नाही. बस."

एवढंच बोलला आणि खाऊ लागला. त्याला माझ्या नाटकाचं काहीच माहीत नव्हतं. मी मात्र माझा डबा तसाच बंद केला.

तरी मी काही केलं नाही. माणूस ऐकतो आणि बसून राहतो. मला शेवटचा धक्का घरातच बसला.

जानेवारीतला रविवार. बाहेर बर्फ. मी आंघोळ करून बाहेर आलो तर हॉलमध्ये करुणा. सहा वर्षांची. माझं जाकीट अंगात, पोटाशी उशी कोंबलेली. हातात तो खराटा. सोफ्यासमोर वाकून ती म्हणत होती, "इस्वरसाक्स जी, इस्वरसाक्स!" मग ती सोफ्याच्या पाया पडली, उठली आणि झाडत झाडत स्वयंपाकघराकडे निघाली. माझी चाल तिनं हुबेहूब उचलली होती. मी घरी तालीम करायचो ती तिनं कधी पाहिली, मला कळलंही नव्हतं.

मला बघून ती थांबली. खुशीत होती.

"बाबा, डिड आय डू इट राइट? एव्हरीबडी विल लाफ, राइट?"

स्वयंपाकघराच्या दारात सुजाता उभी होती. कणकेचे हात तसेच. ती मोठ्यानं बोलली नाही. माझ्या बापाला ती मामाजी म्हणायची.

"मामाजी गाव सोडून नागपूरले आले ते कायच्यासाठी हो? पोरीनं उचललाच ना शेवटी."

मी खाली बसलो आणि करुणाच्या हातातून खराटा घेतला. तिला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. ती रडायला लागली. मला तिला मराठीत सांगता आलं नाही, इंग्रजीतही आलं नाही. लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग राग आला. खरा राग, पोटातून. इतकी वर्षं मी तो गिळत होतो, त्याची चवसुद्धा विसरलो होतो.

सुजातानं विचारलं, "सोडता का नाटक?"

"नाही," मी म्हणालो. "आता करतोच."

सव्वीस जानेवारी त्या वर्षी रविवारीच आला. एका शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता. भिंतीवर शाळेच्या फुटबॉल टीमचे फोटो, बाहेर पार्किंगमध्ये बर्फाचे ढीग. दारात सुमाकाकू जरीची काळी साडी नेसून तिळाच्या वड्या वाटत होत्या. बायकांचं हळदीकुंकू झालं, बटाटेवडे झाले. झेंडा एका खुर्चीला टेकवून ठेवला होता, कारण त्याचा स्टँड कुणीतरी घरी विसरलं होतं. मग नाटक.

अप्पांना भाड्याच्या कपड्यांच्या दुकानात जनरलचा युनिफॉर्म मिळाला नव्हता. मिळाला तो बँडवाल्याचा, लाल, सोनेरी गोंड्यांचा. तो घालून ते सिंहासनावर बसले. दोन्ही बाजूंना दोन शिपाई, पुठ्ठ्याच्या बंदुका घेतलेले. दोघेही जवळच्या युनिव्हर्सिटीत शिकणारी आपलीच पोरं.

घटना फाडून झाली. एक जुनी टेलिफोन डिरेक्टरी आणली होती त्यासाठी. टाळ्या पडल्या. सेक्युलर शब्दावर बंदी आली. आणखी टाळ्या. मागे कुणीतरी शिट्टी मारली. मग मला ओढत आणलं. मी दिसताच हशा. पुढच्या रांगेत सुजाता, तिच्या मांडीवर करुणा.

"घे शपथ!" जनरल गरजला. "म्हण, ईश्वरसाक्ष!"

मी सरळ उभा राहिलो. वाकलो नाही. पोटावरची उशी काढली आणि खाली ठेवली.

विंगेतून प्रॉम्प्ट करणाऱ्या काकू कुजबुजल्या, "इस्वर... इस्वर..." लोकांना वाटलं मी विसरलो. हसू आलं त्यांना. काकूंचा आवाज वाढला, "अहो, पाया पडा, पाया पडा!"

"पाया नाही पडत मी," मी म्हणालो.

आणखी हशा. माझ्या बोलीला हसायची सवय लागली होती सगळ्यांना.

"घटना फाडली म्हणे तुम्ही. ते तर टेलिफोनचं पुस्तक होतं. घटना मले पाठ हाये. मी गांभीर्यपूर्वक सांगतो, भारताच्या संविधानावर माझी निष्ठा आहे. देवाची शपथ मी घेत नाही. ती न घ्यायचा हक्क त्याच पुस्तकानं दिला हाये मले."

हसू मागून पुढे विझत आलं. एक म्हातारे गृहस्थ अजून हसत होते, त्यांना बायकोनं कोपरानं ढोसलं.

अप्पांनी नाटक सोडलं नाही. मानलं मी त्यांना. ते उठले आणि शिपायांवर ओरडले, "बघता काय! धरा याला! वाकवा!"

शिपाई एकमेकांकडे बघत राहिले. हे त्यांच्या पानांत नव्हतं. त्यातला एक, लातूरकडचा की कुठला, बंदूक बगलेत धरून हळूच म्हणाला, "अप्पा, हे स्क्रिप्टमध्ये नाहीये." दुसऱ्यानं बंदूक खालीच ठेवली, त्याला ती जड झाली असावी. पुठ्ठ्याची होती तरी. मॉस्कोत याहून काही फार वेगळं घडलं असेल असं मला वाटत नाही.

सिंहासनाच्या बाजूला खराटा तयार ठेवला होता. मी तो उचलला आणि अप्पांच्या हातात दिला.

"साफसफाई करून राहिले ना तुम्ही? मंग घ्या. हा तुमचा हाये. माझ्या बापानं कधीचाच खाली ठेवला."

अप्पांनी तो घेतला. का घेतला, त्यांनाही कळलं नसेल. समोर कुणी काही दिलं की हात पुढे होतो, तसा. लाल युनिफॉर्म, सोनेरी गोंडे आणि हातात खराटा. त्याच्या काड्या हलत होत्या. अप्पांचे हात थरथरत होते.

पडदा पाडणाऱ्याला केव्हा पाडायचा ते समजेना, कारण 'झाडत झाडत विंगेत' झालंच नव्हतं. मी पायऱ्या उतरून समोरून, लोकांमधून गेलो. कुणी टाळी वाजवली नाही. करुणानं विचारलं, "बाबा, इज इट ओव्हर?" मी म्हटलं, "हो."

मागच्या पॅसेजमध्ये अप्पांनी मला गाठलं. घामानं डबडबलेले. आवाज आता मऊ नव्हता.

"लायकी दाखवलीस. फाइल विसर. उद्यापासून ऑफिसला यायचं नाही."

बास. हेच ऐकायला मी इतकी वर्षं घाबरत होतो. ऐकलं आणि उभा राहिलो. सुजातानं माझ्या हातात माझं जाकीट दिलं. सोबत आणलेला अप्पांच्या मुलाचा तो कोट आम्ही खुर्चीवर घडी घालून ठेवला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती.

दारात सुमाकाकू धावत आल्या. डोळ्यांत पाणी. त्या बाईला खरंच वाईट वाटत होतं.

"असा जाऊ नकोस रे. मी बोलते त्यांच्याशी. तू फक्त आत जाऊन सॉरी म्हण. चारचौघांत म्हण, म्हणजे त्यांचा राग जाईल. तुझं ग्रीन कार्ड, या पोरीचं शिक्षण, विचार कर." त्यांनी माझ्या तळहातावर तिळाची वडी ठेवली. "घे तिळगूळ. गोड बोल."

मी करुणाकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती.

ती वडी मी काकूंच्या ताटात परत ठेवली.

"नाही काकू," मी म्हणालो. "गांभीर्यपूर्वक सांगतो, नाही."

त्याच आठवड्यात अप्पांनी अर्ज मागे घेतला. पार्सिपनीतल्या एकाही मराठी घरानं आम्हाला फोन केला नाही. याकोव्हनं एका ओळखीच्याकडे शब्द टाकला आणि व्हिसा संपायच्या आत मला ॲरिझोनात, चँडलरला काम मिळालं. ग्रीन कार्ड पहिल्यापासून. अजून रांगेत आहोत. अजून नव्या साहेबानं बोलावलं की मी आधी व्हिसाची तारीख बघतो. सुटलो वगैरे काही नाही. पिंजरा तोच, फक्त वाळवंटात.

त्याच वर्षी डिसेंबरात देशात मशीद पाडली. चँडलरच्या एका मराठी घरात पेढे वाटले. तिथेही कुणीतरी म्हणालं, आता एकदा मिलिटरी आली की काम पूर्ण होईल. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी उठलो आणि सांगितलं, मी कोण, माझी वस्ती कुठली, माझ्या बापानं खराटा कुठे ठेवला. नंतर त्या घराचंही आमंत्रण बंद झालं.

होऊ दे. माझ्या लक्षात आलं आहे की यांचं नाटक माझ्यावाचून उभं राहत नाही. जनरल कितीही असू देत, वाकणारा लागतोच. तो मी असणार नाही. माझी पोर असणार नाही. मला कुणी काम दिलं तर मी आधी शेवटचं पान वाचतो, आणि त्यावर माझ्या हातात झाडू असला, तर तो पडदा मी पडू देणार नाही. गांभीर्यपूर्वक सांगतो.